चार चाकांचा खोटा धीर

"दोनच चाकं चालतात, मग उरलेली दोन काय शोभेला ठेवलीत?"

माझ्या थोरल्या बहिणीने हा सवाल फोनवरून मला टाकला, त्याला आता तीन महिने होतील. उत्तर ऐकून घ्यायला ती थांबली नाही. म्हणून ते येथे, चारचौघांत, छापील देत आहे.

प्रकरण असे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला असतो. आठ वर्षे पैशाला पैसा जोडून त्याने एक वापरलेली पोर्शे ९११ घ्यायचे ठरवले. वाईट काही नाही. कोणी अंगावर सोने घालतो, कोणी दारात मोटार उभी करतो. पण या एकाच मोटारीच्या दोन जाती निघाल्या. करेरा नावाची जी साधी जात, तिच्यात इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो; हिला रिअर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. करेरा ४ या जातीत तो चारही चाकांना मिळतो. ती ऑल-व्हील ड्राइव्ह. ताईने निकाल दिला, "चारची घे. जिवापेक्षा पैसा मोठा नाही." विकणाराही तेच म्हणाला, कचेरीतले मित्रही तेच म्हणाले. "मागच्या दोनची घे, आणि वाचलेल्या पैशांत उत्तम टायर घे," असे म्हणणारा मी एकटा. तेव्हापासून आमच्या घराण्यात मी बेजबाबदार माणूस ठरलो आहे. बायकोने तर सरळ सुनावले, "तुमच्या कादंबरीतली माणसं मारायची तेवढी मारा, त्या पोराला कशाला?"

आता मी मराठीचा मास्तर. माझ्या दाराशी स्कूटर उभी असते. मोटारीतले याला काय कळते, असे कोणी म्हणेल. पण ताईच्या वाक्यातली चूक आधी शब्दाची आहे, आणि शब्दाची चूक दाखवणे हे तर माझे पोटापाण्याचे काम. "चालतात" हे क्रियापद फसवे आहे. चाके प्रत्येक मोटारीची चारही फिरतात. प्रश्न एवढाच, की त्यांतल्या किती चाकांना इंजिन ढकलते. ढकलण्याने मोटार पुढे जाते. थांबतही नाही आणि वळतही नाही. थांबवणारे ब्रेक चारही चाकांना असतात, करेराला आणि करेरा ४लाही. मोटारीला रस्त्याशी धरून ठेवतो तो प्रत्येक चाकाखालचा तळहाताएवढा रबराचा तुकडा. त्याची पकड सुटली, की वर किती चाकांना जोर होता हे विचारायला कोणी उरत नाही.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात हाच भाचा ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातून घरी येत होता. तेव्हाची त्याची मोटार चारही चाकांची. विकताना विकणाऱ्याने सांगितले होते, हिला बर्फाची चिंता नाही. त्या भरवशावर भाच्याने उन्हाळी टायर उतरवायचे काम पुढे ढकलले होते. पहाटे मोसमातला पहिला बर्फ पडला. चढावर इतरांच्या मोटारी अडून पडल्या होत्या. हा त्यांच्या बाजूने ऐटीत वर गेला. उताराच्या पहिल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, सुकाणू वळवले, आणि मोटार सरळच गेली. रस्त्याकडेच्या एका झाडापाशी ती थांबली. मध्ये हातभर अंतर होते. मागच्या सीटवर त्याची तीन वर्षांची मुलगी झोपलेली होती. ती जागीसुद्धा झाली नाही. ताई, ही हकीगत तुला आजवर कोणी सांगितली नव्हती. भाच्याची परवानगी घेऊन आज मी सांगतो आहे.

त्या दिवशी मोटार मागच्या दोन चाकांची असती, तर चढावरच तिची चाके जागच्या जागी गरगरली असती. भाचा वैतागला असता, पण रस्ता काय म्हणतो ते त्याला कळले असते. चारही चाकांचा जोर नेमके हेच करतो: रस्त्याची तक्रार चालकाच्या कानावर येऊ देत नाही. वेग वाढेपर्यंत सगळे गोड, आणि थांबायच्या वेळी हिशेब. असला धीर देणाऱ्याला आपण व्यवहारात हितचिंतक म्हणत नाही. दुसरे काहीतरी म्हणतो.

जर्मन कायद्याला हे ठाऊक आहे. तेथे बर्फ, चिखलबर्फ वा निसरडा थर असलेल्या रस्त्यावर हिवाळी टायरांवाचून मोटार हाकायला मनाई आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरवर डोंगर आणि हिमकण यांचे चिन्हच असावे लागते. चारही चाकांना जोर असलेल्या मोटारीला या नियमातून सूट नाही. घसरू लागलेल्या मोटारीच्या एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली. ती मागच्या चाकांच्या मोटारीलाही तितकीच असते. सुरक्षिततेसाठी सरकारने जे सक्तीचे केले, त्यात टायर आहे, ब्रेक आहे. चार चाकांचा जोर त्यात नाही.

हे झाले जिवाचे. आता आनंदाचे, कारण स्पोर्ट्स मोटार काही भाजी आणायला घेत नाहीत. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. तो वळण्यावर खर्च करा, नाहीतर ढकलण्यावर. दोन्हीकडे पुरा पडत नाही. मागच्या चाकांच्या मोटारीत पुढच्या टायरांचा सगळा पगार वळण्याला मिळतो, आणि ढकलण्याचे काम मागचे करतात. शिवाय मोटार वेग घेते तेव्हा तिचा भार मागे सरकतो, म्हणजे जी चाके ढकलतात तीच रस्त्यावर अधिक दाबली जातात. ९११चे इंजिन तर मागच्या आसाच्याही मागे असते. तिच्या मागच्या चाकांवर आधीच निम्म्याहून पुष्कळ जास्त भार आहे. आपली भरलेली एस. टी. पसरणीचा घाट चढते ती मागच्या चाकांच्याच जोरावर.

१९८९ साली पोर्शेने ९११चा नवा अवतार काढला. त्यात आधी आली ती चारही चाकांची करेरा ४. जोराचे ३१ टक्के पुढे, ६९ टक्के मागे. तिच्यामागोमाग मागच्या चाकांची करेरा २ आली. इंजिन दोघींना एकच, ३.६ लिटरचे, २५० अश्वशक्तीचे. वजन मात्र करेरा ४चे १४५० किलो आणि करेरा २चे १३५०. म्हणजे तेच इंजिन सिमेंटच्या दोन गोण्या जास्त वाहणार, आणि ब्रेकांच्याही गळ्यात त्या दोन गोण्या पडणार. वर तक्रार अशी, की करेरा ४चे नाक वळणात बाहेर जाऊ पाहते. हल्लीच्या मोटारींत हा फरक साधारण निम्म्यावर आला आहे. एक गोणी अजून आहेच.

विरुद्ध पक्षाचे बळ मी लपवणार नाही. जुन्या ९११ला वळणात घाबरून पाय उचलला की शेपूट फिरवायची खोड होती, आणि ती खोड माणसांच्या जिवावर उठली. पुढे टायर रुंदावले, मागच्या चाकांची बांधणी सुधारली, सावरणारी यंत्रणा आली. १९६१ साली इंग्लंडात, औल्टन पार्कच्या ओल्या रस्त्यावर, स्टर्लिंग मॉसने चारही चाकांच्या फर्ग्युसनमधून शर्यत जिंकली. १९८० साली ऑडीची क्वाट्रो आली, आणि खडी, चिखल, बर्फ यांवरच्या रॅलींचे गणितच बदलले. १९८१ ची सानरेमो रॅली त्याच मोटारीतून मिशेल मुताँ या बाईंनी जिंकली. ज्याचे घर आल्प्सच्या चढावर आहे, ज्याच्या इंजिनाची ताकद दोन टायरांना झेपण्यापलीकडे गेली आहे, त्याने खुशाल चारची घ्यावी. पण मॉसच्या त्या विजयानंतर आठ वर्षांनी, १९६९ साली, लोटस, मात्रा, मॅक्लारेन यांनी फॉर्म्युला वनमध्ये हाच प्रयोग केला आणि सोडून दिला. वजन वाढले, सुकाणू जड झाले, आणि तोवर रुंद टायर व पंख यांनी मागच्या चाकांना हवी ती पकड दिली होती. मनाईचा नियम बऱ्याच वर्षांनी आला; प्रयोग त्याआधीच मेला होता.

आणि गंमत ऐका. बी. एम. डब्ल्यू.ने २०१७ साली आपल्या एम ५ला पहिल्यांदा चारही चाकांचा जोर दिला. पण त्याबरोबर पुढच्या चाकांचा जोर अजिबात बंद करायची सोयही ठेवली! चाराचे पैसे मोजायचे, चाराचे वजन वाहायचे, आणि मजा हवी झाली की दोनावर यायचे. माझ्या बाजूचा याहून मोठा साक्षीदार मला नको.

भाच्याने मागच्या दोन चाकांची करेरा घेतली. तिच्यासाठी टायरांचे दोन संच घेतले, एक उन्हाळ्याचा, एक हिवाळ्याचा, आणि ऑक्टोबर लागताच स्वतः उभा राहून हिवाळी चढवून घेतले. पहिल्या पावसात वळणावर मोटार मागून किंचित हलली. त्याने पाय सैल केला, हळू झाला, आणि घरी आल्यावर मला फोन केला. "मामा, ही गाडी बोलते रे," म्हणाला. मोटारीने चालकाशी बोलावे, एवढीच माझी मागणी आहे. गप्प मोटारीची मला भीती वाटते.

भाऊबीजेला मी ताईकडे जाणार आहे. हा अंक तोवर तिच्या हाती पडेल. झाडापर्यंतचे वाचून ती रडेल, मग माझ्यावर चिडेल, आणि ओवाळताना विचारील, "पण दोनच का रे?" मी सांगेन, "ताई, चारही चाकं रस्त्याला धरून आहेत. तू फक्त त्यांचे टायर विचारत जा."