आधी अक्षर, मग आकार

कचेरीत नवा संगणक आला की त्याचे कौतुक होते; त्याच्यासमोर दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. मॉनिटर घेताना आपण दोनच प्रश्न विचारतो : केवढा आणि केवढ्याला? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा : यावर मराठी नीट वाचता येते का?

२०११ साली 'संग्राम' प्रकल्पाने राज्यातील ग्रामपंचायतींच्या कारभारात संगणक आणला. भोंगवलीसारख्या गावातही दाखले, उतारे पडद्यावर ताडून पाहावे लागतात. आपली लिपी तर नाजूक! टिंब दिसले नाही की 'शिंदे'चे 'शिदे' होतात. 'घाडगे' की 'धाडगे', हे एका बारीक रेषेवर ठरते. सातबाऱ्यावरील असली लेखनचूक सुधारायची, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज आणि भोरच्या तहसील कचेरीच्या खेपा! पडद्यावरची काटकसर अशी शेतकऱ्याच्या खिशातून वसूल होते.

मग घ्यावे काय? आकाराला भुलू नये. १९२० बाय १०८० ठिपके २४ इंची पडद्यावर इंचाला सुमारे ९२ पडतात, २७ इंचीवर सुमारे ८२च. म्हणजे पडदा मोठा, पण अक्षर भरड. १३६६ बाय ७६८ चा छोटा पडदा स्वस्त खरा, पण त्यावर ठिपके जवळजवळ निम्मेच. लांबरुंद तक्ता सारखा सरकवावा लागतो. तेव्हा २२ ते २४ इंच पुरे. पॅनेल 'आयपीएस' असावे; ते बाजूनेही स्पष्ट दिसते, म्हणजे शेजारी उभ्या माणसाला आपले नाव स्वतः तपासता येते. हा त्याचा हक्कच नव्हे काय? पृष्ठभाग चकचकीत नको. खिडकीचा उजेड त्यावर पडतो. संगणक जुना असेल, तर जोडणीची खाच जुळते का, तेही पाहावे.

'एवढा पैसा कोठून आणायचा?' असे कोणी विचारील. खेळांसाठीचा वेग, वक्राकार पडदा, आतले स्पीकर यांवरचा खर्च टाळावा. उंची कमी पडली, तर खाली एक लाकडी पाट भागवतो.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कित्येकजण अशाच कचेऱ्यांत बसणार आहोत. मागणीपत्र लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा दुकानदाराच्या रंगीत चित्रफितीवर जाऊ नका. एक मराठी उतारा उघडायला सांगा आणि त्यातला अनुस्वार शोधा. तो दिसला, तरच पुढे भाव विचारा.