तडजोड कोणाची आणि पैसा कोणाचा ?

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें दिलेल्या एका हुकुमाकडे आमच्या व्यापारी वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. बडोद्याच्या स्टर्लिंग बायोटेक कंपनीचे चालक संदेसरा बंधु यांनीं बँकांस ५,३८३ कोटि रुपयांना फसविलें, असा आरोप ठेवून केंद्रीय अन्वेषण विभागानें २०१७ सालीं गुन्हा नोंदविला. हे गृहस्थ त्याच वर्षीं परदेशीं गेले. २०२० सालीं ते कायद्यानें फरारी आर्थिक गुन्हेगार ठरले. कांहीं रक्कम पूर्वींच वसूल झाली होती, बँकांशीं तडजोडही ठरली होती. आतां आणखी ५,१०० कोटि भरले म्हणजे सारी फौजदारी कारवाई संपावी, असें न्यायालयानें ठरविलें. हा हुकूम इतर प्रकरणांत दाखला समजूं नये, असेंही त्यांत बजावलें आहे. पण बाजार कांहीं न्यायालयाची परवानगी घेऊन दाखले काढीत नाहीं. ज्याला जें ऐकावयाचें होतें तें त्यानें ऐकलें.

व्यवहारांतला प्रत्येक तंटा तुरुंगाच्या दारापर्यंत गेलाच पाहिजे, असें आमचें म्हणणें नाहीं. दोन अडत्यांत मालाच्या प्रतीवरून बोलाचाली झाली, एकानें रागाच्या भरांत फसवणुकीची फिर्याद ठोकली, आणि पुढें हिशेब मिटला, तर तो खटला चालवून कोणाचें कल्याण होणार ? न वटलेल्या चेकाच्या खटल्यांत तडजोडीची मुभा कायद्यानेंच ठेविली आहे. २०१२ सालीं ग्यान सिंग यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें उच्च न्यायालयांस जी मोकळीक दिली, ती अशाच दिवाणी वळणाच्या व्यापारी भांडणांना धरून होती. उलट २०१४ सालीं, बनावट कागदपत्रांनीं बँकेस फसविल्याचा जो खटला पैसे फिटले एवढ्यावरून मुंबईच्या उच्च न्यायालयानें रद्द केला होता, तो याच सर्वोच्च न्यायालयानें पुनः उभा केला. तोच मार्ग आम्हांस सरळ दिसतो.

कारण अडत्याचा पैसा अडत्याचा असतो. बँकेचा पैसा बँकेचा नसतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्यें निर्बंध आले, तेव्हां प्रथम ठेवीदारांस सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची परवानगी मिळाली. एका बांधकाम समूहाचें थकलेलें कर्ज हजारों खोट्या खात्यांआड दडविल्याचा आरोप होता. जानेवारी २०२२ मध्यें ती बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांच्या कपाळीं दहा वर्षांपर्यंतची वाट आली. अशा प्रकरणांत तडजोडीच्या कागदावर सही करणारा अधिकारी, आणि औषधाच्या पैशासाठीं रांगेंत उभा राहिलेला पेन्शनर, हे दोघे मिळून एकच फिर्यादी समजावयाचे काय ? क्षमा करण्याचा अधिकार ज्याचें बुडालें त्याचा; इकडे तर त्याला कोणी विचारीतही नाहीं.

यावर सांगतात कीं, खटला वीस वर्षें चालेल, आरोपी सांपडणार नाहीं, तेव्हां हातीं येईल तें घ्यावें. हा आक्षेप हलका नाहीं. सुटकेचें आमिष नसेल तर परदेशीं बसलेला मनुष्य पैसा काढील कशाला ? परंतु याच न्यायानें जो जितका दूर पळाला तितका त्याचा भाव वाढणार. घरीं राहून समन्स घेणारा मात्र मूर्ख ठरणार. पेढीचा कारकून गल्ल्यांतून दहा हजार उचलून महिन्यानें परत ठेवतो, तरीही कायद्याच्या दृष्टीनें ती अफरातफरच राहते. मोठ्या रकमेला मात्र ती बिनव्याजी उसनवारी म्हणावयाची ! वेळेवर हप्ते भरणाऱ्या दुकानदारानें यापासून काय शिकावें ?

रिझर्व्ह बँकेनें ८ जून २०२३ च्या परिपत्रकांत लबाडीच्या कर्जखात्यांशींही तडजोड करण्याची मोकळीक बँकांना दिली. तें आम्हांस फारसें रुचलें नव्हतें; तथापि त्यांतही फौजदारी कारवाईस बाध येऊं नये अशी अट आहे. वसुली व्हावी आणि खटलाही चालावा. भरलेल्या पैशाचा विचार न्यायाधीशानें शिक्षा ठरवितांना करावा. आणि तडजोड मान्य करण्यापूर्वीं मूळ कर्ज किती, सूट किती, सही कोणाची, हें ठेवीदारांसमोर उघड वाचलें जावें, व त्यांचें म्हणणें न्यायालयानें ऐकून घ्यावें.