विश्लेषण : अणुसंशोधन केंद्राची वाट अकरावीच्या गणितावरून

प्रकाशाच्या घाटाखालून वाहणारी तापी उकाई धरण ओलांडून काकरापारला पोहोचते. तिथल्या अणुवीज केंद्रात चार अणुभट्ट्या आहेत. दोन २२० मेगावॉटच्या, दोन ७०० मेगावॉटच्या. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याजवळ वाढलेल्या मुलाला त्यातले बरेचसे काम ओळखीचे वाटेल. इकडे बगॅस जाळून वाफ करतात, तिकडे युरेनियमच्या विखंडनातून. पुढे टर्बाइन, पंप, व्हॉल्व्ह दोन्हीकडे आहेतच. तरीही भाभा अणुसंशोधन केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त पीएचडी केलेले शास्त्रज्ञ येतात.

जागा कोणासाठी?

या केंद्राने २०२३ मध्ये ४,३७४ पदांची जाहिरात काढली. त्यातली २,९४६ पदे दुसऱ्या श्रेणीच्या प्रशिक्षणार्थींची होती. म्हणजे बारावी विज्ञान झालेल्या किंवा दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलामुलींची. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लांट ऑपरेटर अशी ही कामे. पहिल्या वर्षी दरमहा २० हजार, दुसऱ्या वर्षी २२ हजार रुपये विद्यावेतन. डिप्लोमा आणि बीएस्सीवाल्यांसाठी पहिली श्रेणी वेगळी.

शास्त्रज्ञ व्हायचे तर?

इंजिनीअर आणि एमएस्सी झालेल्यांसाठी केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून आहे. बारावीनंतर थेट जायचे तर 'नेस्ट' परीक्षा द्यावी लागते. त्यातून भुवनेश्वरची 'नायसर' किंवा मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातले मूलभूत विज्ञान केंद्र, इथे पाच वर्षांच्या एकात्मिक एमएस्सीला प्रवेश मिळतो. ही परीक्षा 'नीट', 'जेईई'इतकी गाजत नाही, त्यामुळे फॉर्मची तारीख निघून गेल्यावर कळते.

अडते कुठे?

प्लांट ऑपरेटरसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते, गुण किमान ६० टक्के. आपल्याकडे अनेक मुले अकरावीलाच गणित सोडून जीवशास्त्र घेतात. 'नीट' जमली नाही तर नर्सिंग, फार्मसी आहेच, हा हिशेब. तो चुकीचा नाही, पण पंधरा-सोळाव्या वर्षी एक दार बंद झाले हे कोणी सांगत नाही. त्यात या श्रेणीची वयोमर्यादा १८ ते २२. अनुसूचित जमातीला ५ वर्षांची सवलत आहे. इतरांचे 'नीट'च्या दोन-तीन फेऱ्यांत वय निघून जाते.

घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो : किरणोत्साराचे काय? भीती रास्त आहे. म्हणूनच किरणोत्सारी भागात काम करणाऱ्याला मात्रा मोजणारा बिल्ला लावावा लागतो, आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे.

गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय एकत्र घेता येतात. दहावीचा निकाल लागला की हे आश्रमशाळेत, पालकसभेत, पाड्यावर सांगायला हवे. आणि ज्या कनिष्ठ महाविद्यालयात गणिताला पूर्णवेळ शिक्षक नाही, तिथली जागा भरण्याचा आग्रह पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच धरावा. नोव्हेंबरपर्यंत थांबले तर अर्धा अभ्यासक्रम हातचा गेलेला असतो.