पिग्मीचं मशीन आणि ती चिठ्ठी

हातात मावणारा कॉम्प्युटर म्हटलं की शिकलेली मुलं 1996 च्या पाम पायलटचं नाव घेतात. आमच्या अनगोळात तो फारसा कुणी बघितला नसेल. पण पिग्मीवाल्याचं मशीन? ते दुकानादुकानात बघितलंय.

पिग्मी सुरू झाली 1928 साली, उडुपीकडं. पुढं जिला सिंडिकेट बँक म्हणू लागले, तिनं रोजचे दोन आणेसुद्धा दारात येऊन घेतले. नंतर कित्येक वर्षं कार्ड, पेन आणि संध्याकाळी लेजर. एक आकडा उलटा पडला की टॅली लागेपर्यंत घरी जायचं नाही! मशीननं ते संपवलं. सकाळी खात्यांची यादी भरायची, दिवसभर खाते नंबर आणि रक्कम दाबून चिठ्ठी फाडून द्यायची, संध्याकाळी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून रोकड जुळवायची.

आता काही ठिकाणी चिठ्ठी बंद, नुसता मेसेज. कागद वाचतो म्हणे. मला हे पटत नाही. मशीन एजंटाचं, पण पैसे भाजीवालीचे. मेसेज जातो मुलाच्या मोबाईलवर, तोही इंग्रजीत. पैसे घेणारा समोर उभा असतानाच आकडा तपासता आला पाहिजे, हा हिशेबाचा पाया आहे.

थर्मल कागदावरची अक्षरं पुसट होतात, खरंय. म्हणून महिन्याला पासबुक भरून घ्या. पण चिठ्ठी मागाच. आणि सोसायटीवाल्यांनो, ती मराठीत, कन्नडात द्या. ज्याचे पैसे, त्याला वाचता यायला नको?