पगाराचे मूळ

वसईतल्या वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकच विचारणा असते: पगार झाला का? शब्द पोर्तुगीज, एवढे व्याकरणाचे पुस्तक सांगते आणि थांबते. खरी गंमत त्याच्या मागे आहे.

लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता, ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. रोमन सेनापती बंडखोर प्रांत शमवत, तेव्हाही हेच क्रियापद. पुढे सावकाराला शांत करणे, म्हणजे त्याचे देणे चुकते करणे, असा अर्थ त्याला चिकटला. त्यातूनच पोर्तुगीज आणि स्पॅनिश ‘पगार’, इटालियन ‘पगारे’, फ्रेंच ‘पेये’ आणि फ्रेंचमधून इंग्रजीत शिरलेले ‘पे’ निघाले. पोर्तुगीज ‘अपगार’ म्हणजे दिवा किंवा आग विझवणे. जुना ‘शमवणे’ हा अर्थ तिथे अजून जिवंत आहे. पगार आणि पेमेंट ही अशी चुलत भावंडे ठरतात.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज गेले, पगार राहिला.

मराठीत वेतन, मुशाहिरा, तनखा होतेच. तरी तिने हे परके क्रियापद उचलले, त्याचे नाम केले आणि आपल्या पद्धतीने वाढवले: पगारी, बिनपगारी, भरपगारी. ‘बिनपगारी फुल अधिकारी’ म्हणताना पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत एका दमात येतात. सरकार आयोगाला वेतन आयोग म्हणते. घरी वाढतो तो पगारच.

अशा जिवंत शब्दांची आपण नुसती यादी करून टाकली, आणि तीही चुकीची. स्पर्धा परीक्षांच्या काही पुस्तकांत पोर्तुगीज शब्दांमध्ये फणस आणि लोणचेही बसवलेले असतात. फणस संस्कृत ‘पनस’पासून आला, लोणचे ‘लवण’पासून. गोव्याच्या सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथ १९१३ मध्येच प्रसिद्ध केला. इतकी जुनी साधने हाताशी असताना अशा याद्या छापल्या जाव्यात, याचे वाईट वाटते. त्या आता दुरुस्त व्हायला हव्यात.

वसईच्या किल्ल्यात शाळांच्या सहली येतात. तिथल्या पडक्या चर्चमध्ये पोर्तुगीज मजकूर कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. शिक्षकांनी मुलांना तिथे थांबवून सांगावे, की चावी पोर्तुगीजमार्गे लॅटिन ‘क्लाविस’पासून आली आणि तुरुंग पोर्तुगीज ‘त्रोंको’पासून, त्रोंको म्हणजे खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडाही.