छात्राध्यापक आणि शेवटचा बाक

पाठटाचण निर्दोष असते. प्रस्तावना, हेतुकथन, तक्ते, फलकलेखन, सारे जागच्या जागी. मार्गदर्शक प्राध्यापक निरीक्षणवही उघडून मागे बसलेले असतात. आणि तरीही वर्ग गप्प असतो. जळगाव-धुळ्याकडील शाळेत छात्राध्यापकाच्या पहिल्या सरावपाठास जो बसला आहे, त्याला हे दृश्य नवे नाही. या मौनाचा अर्थ 'मुले कच्ची आहेत' असा लावून आपण मोकळे होतो. तो बहुधा चुकीचा असतो.

खानदेशातील कित्येक मुलांची घरची भाषा अहिराणी किंवा तावडी. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी वा भिली. वडील कोठे आहेत असे विचारताच 'वावरमा गया' हे उत्तर ज्याच्या ओठांवर येते, त्याला वर्गासमक्ष 'शेतात गेले आहेत, असे म्हण' म्हणून दुरुस्त केले, की दुसऱ्या दिवशी त्याचा हात वर होत नाही. छात्राध्यापकाचा यात दुष्ट हेतू नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर घड्याळ, अपुरा राहिलेला घटक आणि ती वही असते. कैकदा तो स्वतःही त्याच बोलीत वाढलेला असतो, आणि नेमकी तीच घरी ठेवून वर्गात आलेला असतो.

येथील अध्यापक महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. असोद्याच्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती आपण कौतुकाने शिकवितो, आणि त्याच तासाला बोलीत उत्तर देणाऱ्या मुलाला थांबवितो!

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी अवघी सहा वर्षे शिक्षक होते. गाव कोकणातले पालगड. खानदेशची बोली त्यांची नव्हे. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर त्यांनी मुलांच्या खोल्या झाडल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, हस्तलिखित दैनिक चालविले. याचे गोडवे आपण इतके गायिले आहेत, की त्यातला साधा व्यवहार दिसेनासा झाला आहे. त्यांना मुले वर्गाबाहेर भेटत होती, हा तो व्यवहार. प्रत्येकाने साने गुरुजी व्हावे, असे कोणताही अभ्यासक्रम म्हणू शकणार नाही. भेटीसाठी वेळ मात्र देऊ शकतो.

तो वेळ कागदोपत्री मिळालाही आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील कामासाठी २० आठवडे ठेवले गेले. त्यांपैकी १६ दुसऱ्या वर्षी. आमची सूचना एवढीच, की त्यांतील पहिल्या आठवड्यात एकही पाठ नसावा. छात्राध्यापकाने हजेरी घ्यावी, पोषण आहाराच्या पंगतीत बसावे, मैदानावर जावे, वर्गातील नावे पाठ करावीत. कापूस वेचणी सुरू झाली की कोणते बाक रिकामे होतात ते पाहावे. मुख्याध्यापक म्हणतील, अभ्यासक्रम मागे पडेल. शिवाय शिक्षकांची पदे रिक्त असलेल्या शाळेत रिकाम्या तासांना हा फुकटचा माणूस वापरला जाण्याची भीती आहेच, आणि ती खोटी नाही. त्यावर महाविद्यालयानेच लक्ष ठेवले पाहिजे.

आणि निरीक्षकांनी पाठ संपल्यावर तक्त्यांविषयी थोडे कमी बोलावे. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाचे नाव काय, आणि गेला आठवडाभर तो कोठे होता, हे आधी विचारावे.