तेच लाकूड, तीच शिडे

ब्रिटिश आरमार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नेल्सन आणि ट्रॅफल्गर उभे राहतात. परंतु एका लहानशा जहाजाची हकीकत वाचल्यापासून माझे मन त्या मोठ्या लढायांत रमत नाही. त्या जहाजाचे नाव ‘ब्लॅक जोक’.

हे जहाज मुळात आरमाराचे नव्हतेच. ‘हेन्रिकेटा’ या नावाने ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम कोंबून ब्राझीलला नेत असे. सप्टेंबर १८२७ मध्ये ‘सिबिल’ या ब्रिटिश युद्धनौकेने ते पकडले. त्याचा वेग आरमाराच्या नजरेत भरला. त्यांनी ते विकत घेतले आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांच्याच पाठीवर धाडले. १ फेब्रुवारी १८२९ रोजी लेफ्टनंट हेन्री डाउन्स यांच्या हुकमतीखाली अवघ्या दोन तोफांच्या या जहाजाने चौदा तोफांचे ‘एल अल्मिरान्ते’ नमवले. त्याच्या पोटात ४६६ माणसे होती. पुढे लाकूड कुजल्यामुळे १८३२ मध्ये फ्रीटाउन येथे ‘ब्लॅक जोक’ जाळून टाकण्यात आले.

तेच लाकूड, तीच शिडे. बदलला तो फक्त हेतू! साधन निर्दोष असते, दोष वापरणाऱ्याचा, असे म्हणून येथेच थांबण्याचा मोह होतो. पण मित्रांनो, तेवढ्याने कहाणी संपत नाही.

सोडवलेल्या प्रत्येक माणसामागे खलाशांना बक्षिसाची रक्कम मिळत असे. आणि ती सुटलेली माणसे? बहुतेकांना स्वतःचे गाव पुन्हा दिसले नाही. फ्रीटाउनला उतरवून कोणाला उमेदवार म्हणून परक्याच्या घरी कामाला लावले, तर कोणाला पलटणीत भरती केले. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवायचे ठरले, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या हाती एक पैही पडली नाही.

म्हणून त्या खलाशांचे शौर्य नाकारावे काय? मुळीच नाही. तापाने माणसे पटापट मरत अशा किनाऱ्यावर ते झुंजले. माझे म्हणणे इतकेच की, बेड्या तोडल्या त्या दिवशी इतिहासाचे पान मिटू नये. सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोठे गेला, काय खाऊन जगला, हे विचारल्याशिवाय कोणत्याही मुक्तीचे मोल ठरत नाही. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही. पण आपण तो विचारायला हवा.